तव्यावर भाजलेली माती

माझ्या नातीला वाटतं, आजी पीएच.डी. घेऊनच जन्माला आली. तिचा हा गैरसमज दूर करायला मला भारी आवडतं.

लग्न होऊन मी कासार आंबोलीला आले, तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मातीतल्या लोहकणांवर काम करत होते. काम थोडं आणि व्याख्यानं फार. एसटीत शेजारी बसणाऱ्या बाईला मी चुंबकत्व समजावून सांगायची. कोथरूडला जाणाऱ्या कितीतरी बिचाऱ्या अलीकडे भूगावलाच उतरल्या असतील.

कामाचं मर्म मात्र साधं होतं. चिमूटभर कोरडी माती मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरून थरथरवायची. चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा, शून्यावर आणायचा, मग उलट्या दिशेने वाढवायचा आणि पुन्हा सुलट. जोर काढला तरी माती थोडं चुंबकत्व धरून ठेवते आणि ते घालवायला उलटा जोर लावावा लागतो. या जाण्यायेण्याचा कागदावर जो बंद वळसा उमटतो, तो हिस्टेरिसिस लूप. जाडेभरडे कण सहज सोडून देतात, बारीक कण हट्टाने धरून बसतात आणि अतिसूक्ष्म कण तर जोर गेला की सगळंच विसरतात. त्यामुळे लूपचा आकार पाहून आतल्या कणांची ओळख पटते. नवी सून घरात आली की तिला जशी वागण्यावरून ओळखतात, तसंच.

आता जिथे शनिवार-रविवारचे बंगले उभे आहेत, तिथे आमचं भाताचं खाचर होतं. त्याची माती मी उन्हाळ्यात मोजली होती. लूप अगदी सडपातळ आला होता. लावणी झाल्यावर पुन्हा माती आणून पाहायची, असं ठरलं होतं. पावसाळा संपला की माझ्या कामाची तपासणी होती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, ‘पटण्यासारखं काही दाखवलं नाहीस, तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल. मग मी काही करू शकणार नाही.’

मी खाचरातून माती आणली आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर पसरली. पण भर पावसात आमच्याकडे अंगावरची साडी वाळत नाही, तिथे माती कुठली वाळायला! रोज हात लावून बघायची आणि तोंड पाडून बसायची. एके दिवशी घरी आले, तर माती खडखडीत कोरडी. जरा लालसर दिसली, पण वाळली की रंग बदलतोच म्हणत मी वाऱ्याचे आभार मानले, पुड्या बांधल्या आणि प्रयोगशाळा गाठली.

लूप आला तो निराळाच. टोकांना रुंद आणि मधे कमरेत आवळलेला. म्हणजे दोन निरनिराळ्या स्वभावांचे कण एकत्र आलेले. उन्हाळ्यात हे नव्हतं, आता आहे, म्हणजे पावसाने मातीत नवे कण तयार केले! बाईंच्या टेबलासमोर उभी राहून मी हे ठणकावून सांगितलं. वर आमच्या तालुक्यावरून या शोधाला ‘मुळशी परिणाम’ असं नावही सुचवलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “माती तापवली होतीस?”

“छे! नुसती वाळवली.”

“मुळशीत? या दिवसांत? घरी? आधी घरी विचारून ये. बारसं नंतर करू.”

घरी सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

“आत्याबाई, माझ्या मातीला हात लावला होता का कुणी?”

“हात? भाजली की मी!” त्या कौतुकाने म्हणाल्या. “वाळंना म्हनून रोज सुतक पाळल्यागत बसायचीस. म्हनलं, नाचणीगत परतावी तव्यावर. चांगली लाल हुईस्तवर परतली.”

“तव्यावर?”

“मग काय परातीत? भाकरीचा न्हाई घेतला, जुना घेतला. मला बी कळतंय.”

मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले. काम जाणार एवढंच तोंडातून निघालं. आत्याबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. “रडू नगं. उद्या मी येते तुज्या बाईंकडं. माती मी भाजली, तू न्हाई, आसं सांगते.”

आणि खरंच आल्या. एसटीत मी पहिल्यांदाच गप्प बसले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आच केवढी होती, किती वेळ परतली, सगळं विचारलं. आत्याबाईंनी पाककृती सांगावी तसं सांगितलं. मग बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमच्या शेतात एरवी माती कुठे भाजली जाते?”

“राबात!” आम्ही दोघी एकदमच बोललो.

उन्हाळ्यात खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात आणि पाऊस आला की तिथे भाताचं रोप वाढवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. लावणी झाली की तो कोपरा इतर खाचरासारखाच हिरवा होतो, डोळ्यांना वेगळा दिसत नाही. लूपला दिसेल का?

आम्ही त्या कोपऱ्यातली आणि मधल्या भागातली माती आणली आणि प्रयोगशाळेच्या पंख्याखाली वाळवली. मधल्या मातीचा लूप सडपातळ आला. राबाच्या मातीचा कमरेत आवळलेला, तव्यावरच्या मातीसारखाच, जरा सौम्य. तपासणीच्या दिवशी तिन्ही लूप शेजारीशेजारी मांडले, तेव्हा मला फार बोलावंच लागलं नाही. जागा राहिली. बाई म्हणाल्या, “आता हीच माती वेगवेगळ्या आचेवर भाजून बघ. पण तवा नको, तव्याचं लोखंड मिसळतं.”

तो हिवाळाभर आम्ही सासू-सुना मातीच्या खापरात माती भाजत बसलो. आत्याबाई आच सांभाळायच्या आणि मी बाईंनी दिलेलं तापमापक. वास आळीभर जायचा. हळूहळू शेजारणी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. एकीने चिंचा आणून दिल्या, दुसरीने ओटी भरायचं काढलं. भाजलेल्या मातीचे डोहाळे लागलेत म्हणे मला!

मी लाजून लाल झाले. “आत्याबाई, खरं काय ते सांगून टाका ना त्यांना.”

त्या खापरातली माती हलवत राहिल्या. “कशापायी? डोहाळं म्हनलं की कुनी सुनंला कामाला लावत न्हाई. मी हाय हितं. तू जा, लिवत बस.”