ट्यूबमधल्या जावा

सोलापुरातल्या तमाम मुलींचे चेहरे एकाच माणसावर सोपवायचे ठरले, तर डॉक्टरांच्या पाठोपाठ मी आमच्या खोलीवरच्या अक्काचंच नाव घेईन. हे जरा जास्तच झालं असेल. पण अक्काबद्दल मला कमी बोलता येत नाही. ती मूळची कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. शिकायची एम.कॉम. आणि बोलायची मुरुमांवर. मला ‘तंगी’ म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी सांगोल्याकडची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तोंडभर मुरूम, म्हणून वर्गातसुद्धा स्कार्फ बांधून बसायचे. अक्कानंच मला धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला ॲडापलीन नावाचं क्रीम लिहून दिलं. अक्काला त्यांचंच ट्रेटिनॉइन चालू होतं.

या दोन ट्यूबांची तुलना हा अक्काचा जिवाभावाचा विषय. “दोघी ए जीवनसत्त्वाच्या घरच्या. सख्ख्या जावा म्हण की,” ती सांगायची. “कामाला दोघी सारख्याच. पण तुझी शांत हाय. माझी तोंडाची लई तिखट, अन् उजेड बी सोसत न्हाय तिला.”

“मग चांगली कुठली?”

“ज्या तोंडावर जी नांदंल ती!”

डॉक्टरांनी वाटाण्याएवढं क्रीम सांगितलं होतं. मेसमध्ये उसळ आली तेव्हा अक्कानं माझ्या ताटातला वाटाणा उचलून डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, “हा शिजून फुगलाय. ह्याच्यापरीस कमी घे.” उन्हाला तर ती वैरीच मानायची. भर थंडीत छत्री उघडून निघायची. एकदा रिक्षावाल्या मामांनी विचारलं, “ताई, पाऊस कुटं हाय?” “पाऊस न्हाय मामा, ऊन हाय की!” असं सुरू करून तिनं स्टँड येईपर्यंत त्यांना सनस्क्रीन समजावलं, आणि पोरीला गोरं व्हायची, दुकानदारानं कालवून दिलेली मिक्स क्रीम लावू देणार नाही, असं कबूलही करून घेतलं.

माझं मात्र तेव्हा अवघड चाललं होतं. औषध सुरू होऊन थोडेच आठवडे झालेले. गालाची सालं निघत होती आणि मुरूम उलट वाढले होते. त्यातच वर्गासमोर सेमिनार आला. सर म्हणाले, स्कार्फ काढून बोलायचं; नाही बोललीस तर विषय राहील. मी रडकुंडीला आले. “अक्का, तुझी ट्यूब दे ना. तिखट तर तिखट.”

अक्कानं ट्यूब उचलली, ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. “दुसरीची चिठ्ठी आपल्या तोंडाला लावत्यात व्हय? एकदम सोलपटून निघशील. आधी बिघडतं, मग सुधरतं. दोन-तीन महिने दम धर.” मग मला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तीच ट्यूब एक दिवसाआड लावायला सांगितली. येताना मी म्हटलं, “पण सेमिनारपर्यंत गाल काही बरे होत नाहीत.”

“सुम, गप बस. सेमिनार तोंडानं द्यायचा असतो, गालानं न्हाय.”

सेमिनारच्या दिवशी वर्गात शेवटच्या बाकावर अक्का! सरांनी विचारलं, “तुम्ही कोण?” “हिची अक्का,” ती म्हणाली, जणू तेवढा दाखला पुरे होता. मी स्कार्फ सोडला आणि हातातल्या कागदातच बघत राहिले. मागून आवाज आला, “बोल की, तंगी!” सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि हसता हसता पहिलं वाक्य बाहेर पडलं. पुढं प्रत्येक मुद्द्यावर अक्का मोठ्यानं “व्हय” म्हणत होती. विषय सुटला.

मुरूमही हळूहळू गेले, थोडे डाग राहिले. अक्का शिक्षण संपवून गावी गेली. परवा नव्या रूममेटनं विचारलं, “दिसायला कशी होती गं तुझी अक्का? तिचे मुरूम गेले का?” मी सांगायला लागले आणि थांबले. एवढं रोज जवळून बघूनही तिच्या तोंडावर डाग होते की नव्हते, ते मला काही केल्या आठवेना.