अबू नुहाचा बार

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा शिब्ली अम्मानजवळच्या मादब्यात फ्रिज दुरुस्त करतो. आमच्याकडे, ख्रिस्ती अरबांतही, बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि ज्याला मुलगा नाही त्याला लोक एखादं मुलाचं नाव आपणच चिकटवतात. शिब्लीने ते चालू दिलं नाही. एकुलती एक लेक नुहा, म्हणून तो अबू नुहा, म्हणजे नुहाचा बाप. यावर जो हसला त्याच्या फ्रिजला शिब्ली हात लावत नसे, आणि आमच्या उन्हाळ्यात हे परवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या नुहाचं रिमोनशी जमलं. मुलगा कराकचा, सोन्यासारखा, पण अकब्याच्या बंदरात क्रेन चालवणारा, आणि अकबा म्हणजे चार तासांचा रस्ता. शिब्लीला ते पटेना. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नुहाने जेवण सोडलं असतं आणि माझी बहीण हन्ने हिने त्याचं बंद केलं असतं. मग त्याने एक अट काढली. लग्न खुशाल करा, पण बिऱ्हाड मादब्यातच.

"बाबा, त्याची नोकरी बंदरात आहे," नुहा म्हणाली. "मादब्यात समुद्र कुठून आणू?"

"ते त्याचं तो बघेल," शिब्ली म्हणाला. ही अट तो मागणीच्या दिवशी मुलाकडच्या वडीलधाऱ्यांसमोर मांडणार होता.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"म्हणणार नाहीत, नायफ. आधी त्यांना अरक पाजतो, चांगल्या थाटाच्या बारमधून. दोन घोट पोटात गेले की कराकचा माणूससुद्धा मऊ पडतो. मग अट मांडतो."

"बार कुठाय तुझ्याकडे?"

त्याने नुहाच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे तिने कॉलेजात असताना अम्मानहून आणलेली मांडणी होती, चौकोनी खणांची. खणांत पुस्तकं, एक कान तुटलेला ससा आणि अर्धवट विणलेले स्वेटर.

"मला अजून कोणी मागितलंसुद्धा नाही, आणि तुम्ही माझी खोली रिकामी करताय?" नुहा ओरडली.

"घरात कपबश्या ठेवायला जागा नाही, आणि हे गुत्ता काढतायत!" हन्नेने आतून साथ दिली.

शिब्लीने दोघींना भीक घातली नाही. पुस्तकं खोक्यात भरायला मात्र त्याने अख्खी दुपार घालवली. एकेक उघडून बघे, मिटे, पुन्हा उघडे. मला त्याची फार कीव आली, पण मी तोंडाने "आटप की!" एवढंच म्हणालो.

पहिलाच स्क्रू फळीत गेला तो गेलाच. फळी आतून पोकळ, पुठ्ठ्याची निघाली. "हे लाकूड आहे की बिस्किट?" असं म्हणून त्याने ड्रिल फेकलं आणि आपल्या धंद्याला शरण गेला. मांडणी आडवी केली, खाली चाकं लावली. भंगारातल्या फ्रिजच्या जाळ्या तिरक्या बसवून बाटल्यांची सोय झाली. एका खणाला लहान फ्रिजचं दार रबरासकट लावलं. ते उघडलं की आत दिवा लागे. वर कुणाच्या तरी ओट्यातला उरलेला संगमरवर. घरातले झाडून सगळे ग्लास बारमध्ये गेले, कारण अरकचा दुसरा पेग उष्ट्या ग्लासात घ्यायची आमच्यात रीत नाही. त्या आठवड्यात आम्ही चहा वाट्यांतून प्यायलो. पण खोटं का बोला, बार झकास झाला होता.

रविवारी दुपारी कराकची मंडळी आली. पुढे रिमोनचे चुलत आजोबा अबू घट्टास, अंगावर काळा झगा आणि ओठावर भरघोस मिशा. मुलगी मागायच्या भाषणात यांचा हात कोणी धरू शकत नाही. सुरुवात थेट आदमपासून करतात. पुरुष बैठकीत बसले, बायका स्वयंपाकघरात. हन्ने कॉफी घेऊन दारापर्यंत आली, तर शिब्लीने तिला डोळ्यांनीच मागे पिटाळलं.

मग तो बैठकीत ढकलून आणलेल्या बारमागे उभा राहिला आणि खणाचं दार उघडलं. दिवा लागला. "वा!" कराकवाले म्हणाले. झालं, शिब्लीला आकाश ठेंगणं झालं. ग्लासात अरक ओतला, आधी पाणी, मग बर्फ. बडीशेपेचा वास बैठकभर पसरला. दुधासारखा पांढरा झालेला तो ग्लास त्याने स्वतःच्या हाताने अबू घट्टासपुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "प्या, अबू घट्टास! संकोच करू नका, प्या!"

कराकवाले एकमेकांकडे बघू लागले. मागणीच्या दिवशी म्होरक्यासमोर ठेवलेलं पेय तसंच राहतं. तो मुलगी मागतो, आणि मुलीचा बाप म्हणतो, "प्या." प्या म्हणजे दिली. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"मबरूक! अभिनंदन!" कराकचा एकजण ओरडला. स्वयंपाकघरातून बायकांनी आनंदाची किलकारी मारली.

"अरे, मी अजून मागितली कुठे?" अबू घट्टास गोंधळून म्हणाले.

"मागायचं काय काका, दिली की त्यांनी!"

"मी... मी अरकचं म्हणत होतो," शिब्ली म्हणाला. त्याचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा. महिनाभर घोकलेली अट तोंडातच राहिली होती.

अबू घट्टासनी हात वर केला. ग्लास ओठाला न लावता दूर सारला. "गप बसा रे! या माणसाने त्याच्या बारसाठी प्या म्हटलं, लेकीसाठी नाही. आपण सोयरीक करायला आलोय, कोंबड्या चोरायला नाही." मग आदमला चक्क वगळून ते म्हणाले, "अबू नुहा, आमच्या रिमोनसाठी तुमची नुहा मागतो. काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. जे म्हणाल ते आम्ही मानू."

याहून चांगली संधी कोणत्या बापाला मिळणार? शिब्ली घसा खाकरून उभा राहिला.

"माझी एक..."

स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं. नुहा कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती, आणि ट्रेमधले कप असे थरथरत होते की त्यांची किणकिण अख्ख्या बैठकीला ऐकू येत होती. ती बापाकडे बघत होती. बापाने तिच्याकडे बघितलं.

"माझी एक," तो पुन्हा म्हणाला, आणि अडखळला. "माझी एकच मुलगी आहे."

"ठाऊक आहे," अबू घट्टास हळूच म्हणाले. "पुढे?"

"पुढे काही नाही. प्या, अबू घट्टास. बर्फ वितळतोय."

पुन्हा किलकारी उठली, मिठ्या सुरू झाल्या, रिमोनला कोणी तरी उचललं. शिब्ली बारमागे खाली बसला होता, खणाचं दार उघडून, त्या दिव्यात तोंड घालून.

"अहो, काय शोधताय?" हन्नेने विचारलं.

"बर्फ," तो आतूनच म्हणाला. भांडंभर बर्फ वर संगमरवरावर पडला होता. हन्नेने तो बघितला, आणि ती त्याच्या शेजारी खाली बसली.