वायरमनचा घास

इस्त्रीवालीच्या नवऱ्याला सगळी गल्ली वायरमन म्हणायची. कौतुकात असली की तीही म्हणायची. उभा जन्म लोकांच्या भिंतीतून वायरी ओढण्यात गेला, आणि मग गळ्यात गाठ निघाली. दवाखान्यात रेडिएशनचे शेक देऊन देऊन गाठ वितळली, पण तिच्यासोबत भूकही गेली. मऊ भात, सूप, दूध, काहीही द्या. तोंडात घोळवायचा आणि वाटीत परत काढून ठेवायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, सोमवारी वजनकाटा आणखी खाली गेला तर नाकातून नळी. वायरमन म्हणाला, घाला, मी उपटून टाकीन. तो बोलला की करायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यातच एका सकाळी त्याने आपणहून मागितलं. कोपऱ्यावरच्या पार्सलवाल्याचं ते आंबट-गोड, चिकट चिकन. ती पदर खोचून धावली. पण वरचं तळलेलं कवच त्याच्या सोललेल्या गळ्याला खडीसारखं लागलं. डोळ्यांत पाणी आलं, डबा तसाच राहिला.

चव तीच हवी, पण कापसासारखी मऊ. ती पार्सलवाल्याच्या आचाऱ्यासमोर जाऊन उभीच राहिली: तळायचं नाही, दिवसभर मंद शिजवायचं, कसं ते सांगा. तो हसला. हे भडकत्या आगीचं काम आहे वहिनी, म्हणाला, दिवसभर रसात बसवणार म्हणजे म्हशीची अंघोळच की. कारण कळल्यावर मात्र हात पुसून सगळं सांगितलं: सोया सॉस, व्हिनेगर, मध, आलं, लसूण, थोडा टोमॅटो सॉस. तळण विसरा, कॉर्नफ्लोर शेवटी पाण्यात कालवून घाला.

दिवसभर मंद शिजवणारा विजेचा स्लो कुकर जावेच्या माळ्यावर पडून होता. "सवड नाही म्हणून घेतला, आणि सवड नाही म्हणून कधी लावला नाही," असं म्हणत जावेने तो पुसून दिला.

शनिवारी लॉन्ड्रीत जाण्याआधी इस्त्रीवालीने सगळं भांड्यात घातलं, बटण लावलं आणि निघाली. दिवसभर हॉटेलच्या चादरींवर इस्त्री फिरत होती, पण नाक घरी होतं. संध्याकाळी दार उघडलं तर वास नाही. झाकण गार. रसात कोंबडीचे तुकडे गुलाबी, अर्धेकच्चे. भिंतीवरचं बटण बंद.

ती ओट्याला पाठ लावून खाली बसली. अर्धंकच्चं त्याला विषासारखं, म्हणून दवाखान्याने बजावलं होतं. मधे एकच दिवस उरला होता.

"मी बंद केलं," वायरमन पलंगावरून म्हणाला. आवाज घासल्यासारखा येत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातून निघताना तो सगळ्या बटणांवरून नजर फिरवायचा. जळालेल्या दोन-तीन घरांच्या वायरी त्यानेच पुन्हा ओढल्या होत्या. "घरात कुणी नसताना असलं काही चालू ठेवायचं नसतं."

"कुणी नसताना?" तिने वर पाहिलं. "मग तुम्ही कोण होतात?"

ती रागाने बोलायला गेली आणि आपण काय बोललो ते तिलाच नंतर ऐकू आलं. भिंत धरत, धापा टाकत हा माणूस बटणापर्यंत चालत गेला होता, आणि तरी त्याच्या हिशेबात घर रिकामं होतं.

तिने सगळं टाकून दिलं. भांडं घासलं. कोंबडीवाला फळी लावत होता, त्याला थांबवून नवे तुकडे आणले. लॉन्ड्रीला रविवारची सुट्टी नव्हती. सकाळी तिने बटण लावलं, ओट्यासमोर स्टूल ठेवलं.

"मी चालले. घरात माणूस आहे, म्हणून चालू ठेवून चालले," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी तिच्याकडून एक उशीची खोळ करपली. मुकादमीण काय काय बोलली, ते तिच्या कानावरून गेलं. घरी येताना ती जिन्यात थांबली. वास नसला तर काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं.

वास होता. वायरमन स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता, घामाने भिजलेला, ओठ पांढरे. कुकर चालू होता. तिने कॉर्नफ्लोर कालवून घातलं, रस दाटला, तुकडा चमच्यानेच मोडला.

त्याने घास तोंडात घेतला. घोळवत राहिला. वाटी शेजारीच होती आणि त्या वाटीकडे बघायचं नाही म्हणून ती त्याच्या गळ्याकडे बघत बसली. गळ्याचं हाड वर गेलं, अडलं. तो खोकला, डोळे गच्च मिटले. हाड खाली आलं.

तिने चमचा पुन्हा भरला. त्याने तोंड वळवलं नाही.