रेघेखालचं

पन्नाशी उलटली तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. बाहेर तो सर्व्हिस ॲडव्हायझर. म्हणजे काय, तर गाड्यांच्या शोरूमच्या मागच्या अंगाला जे वर्कशॉप असतं, त्याच्या दारातल्या काउंटरवर बसायचं. सर्व्हिसिंगला आलेली गाडी बघायची, कागद भरायचा आणि गाडीवाल्याला गोड आवाजात सांगायचं, की साहेब, एवढं तर करावंच लागेल, पण त्याबरोबर हेही करून घेतलंत तर गाडी फुलासारखी राहील. 'हेही'मध्येच सगळी गोम होती. इंजिन आतून धुवायचं औषध, एसीच्या नळ्यांत मारायचा फेस, पत्र्यावर चढवायचा चकचकीत लेप, टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन. तो एकोणीस वर्षं हे विकत होता आणि चांगलं विकत होता. शिंक आली तरी गाडीत जंतू झालेत म्हणून फवारणी गळ्यात मारेल, असं वर्कशॉपमधले मेकॅनिक त्याच्याबद्दल म्हणायचे. तोही हसायचा. पोट कोणाला चुकलंय.

पण रविवारी माणूस बदलायचा. नात्यातलं कोणी, शेजारपाजारचं कोणी आपापल्या गाडीचं एस्टिमेट घेऊन घरी यायचं, आणि हा शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून त्या कागदावर मधोमध एक आडवी रेघ मारायचा. रेघेच्या वरचं ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं खरं काम, म्हणजे इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक. खालचं ते सुचवलेलं. "खालचं सगळं काटा. काउंटरवर कितीही गोड बोलले तरी मान हलवायची नाही," तो सांगायचा. काउंटरवर गोड बोलणारा तोच, हे त्याला ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही. आपल्या माणसाला वाचवलं की परक्याला कापल्याचं पाप फिटतं, असा काहीसा हिशोब त्याने मनाशी घातला होता. असले हिशोब घालणारा तो काही जगात पहिला नव्हता.

रेघ सगळ्यात जास्त मानली ती ताईने. त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा आणि ताई अठराची. तिने स्वतःचं शिक्षण सोडलं, याला शाळेत धाडलं, याच्या चड्ड्यांना ठिगळं लावली आणि तो नोकरीला लागल्यावरच स्वतःच्या लग्नाला हो म्हणाली. तिच्या तोंडून शब्द निघाला की काळ्या दगडावरची रेघ, आणि धाकट्याच्या तोंडून निघाला तर त्याहून पक्का. तिने ती पेन्सिलीची रेघ उचलली आणि तिचा कायदा केला. गाडी भाऊजी चालवायचे, पण सर्व्हिसिंगचा कागद तिच्या ताब्यात. ती भाऊजींची पोलादी पट्टी घ्यायची, दोन टोकांना बोटं दाबायची आणि रेघ अशी सरळ मारायची की काउंटरवरच्या पोराने उलट बोलूच नये. खालच्या एकेका ओळीवर काट आणि शेवटी सही.

एवढ्यावर थांबेल तर ती ताई कसली. तिच्या इमारतीत दहा घरांत गाड्या होत्या. तिने दहाही घरांना रेघ शिकवली. "माझा भाऊ आतला माणूस आहे. त्याने मला गुपित सांगितलंय," ती जिन्यात उभी राहून सांगायची. लोक तिला मानायचे, आणि ती त्याला.

भाऊजी पाणीखात्यातून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. त्यांना एकच खोड होती. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. "देवाने फुकट उतार दिलाय, पेट्रोल कशाला जाळू?" म्हणायचे. ताई बाजूला बसून कटकट करायची आणि ते आपले हसत पायाने ब्रेक दाबत गाडी खाली आणायचे. तीस वर्षं अशीच आणली होती.

आता ज्या गोष्टीवरून सगळं बिघडलं, ती गोष्ट. अडीच वर्षांपूर्वी वर्कशॉपला नवा मॅनेजर आला. मेला हुशार होता. त्याने पाहिलं की वरिष्ठ कार्यालय फक्त खालच्या भागाची विक्री मोजतं. वरचं काम कितीही करा, शाबासकी नाही. मग त्याने कागदच नव्याने छापून घेतला आणि वरच्या दोन-तीन गोष्टी उचलून खाली टाकल्या. आकडा आपोआप फुगला, आणि हळूहळू कंपनीच्या बाकीच्या शाखांनीही तोच कागद उचलला. बाकीच्या किरकोळ होत्या, पण त्यातली एक होती ब्रेक ऑइल बदलणं.

धाकट्याने नवा कागद हातात घेतला आणि खालच्या भागातल्या चौथ्या ओळीवर त्याचा डोळा अडला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पीत असतं. दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. नाही बदललं तर गावातल्या गावात काही कळत नाही, पण लांब उतारावर ब्रेक तापला की ते पाणी उकळतं, आणि पाय दाबला तर पेडल सरळ तळाला जातं. हे त्याला झोपेतही माहीत होतं.

"साहेब, हे खाली गेलं तर लोक काटतील," तो मीटिंगमध्ये म्हणाला.

"मग तुम्ही विका. तुमचं कामच ते आहे," मॅनेजर म्हणाला, आणि बाकीचे हसले.

आणि त्याने विकलं. खरंच विकलं. काउंटरवर आलेल्या एकालाही त्याने ती ओळ काटू दिली नाही. परक्यांना त्याने बरोबर वाचवलं. ताईची आठवण त्याला त्याच दिवशी झाली. फोन हातात घेतला, तेवढ्यात समोर गाडी उभी राहिली. मग वाटलं, तिची सर्व्हिसिंग चार महिन्यांवर आहे, इथेच तर येईल, तेव्हा सांगू.

ती आली नाही. तिच्या घराजवळ त्याच कंपनीची दुसरी शाखा उघडली होती. धाकट्याच्या मागे आधीच व्याप, त्याला कशाला त्रास, असा विचार करून ती तिकडे गेली. पट्टी आणि पेन्सिल पर्समध्ये होतीच.

त्याला हे महिनाभराने कळलं, ताईच्या घरी जेवायला गेला तेव्हा. कोणी पाहुणे बसले होते आणि ताई त्यांना कागद दाखवत होती. "हे बघा, खालचं सगळं काटलं. तो पोरगा म्हणतो, मॅडम, एवढं एक तरी करा. मी म्हटलं, बाळा, माझा भाऊ तुझ्याच कंपनीत आहे, मला शिकवू नकोस." पाहुणे कौतुकाने धाकट्याकडे बघायला लागले. भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, ताई, ती रेघ आता सरकलीय. पण चारचौघांत तिचं तोंड उतरलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याचंही उतरलं असतं. एकोणीस वर्षांत कौतुक म्हणून जे काय वाट्याला आलं, ते ताईच्या घरातच. त्याने घास गिळला. त्या शाखेत अजून जुनाच कागद असेल, अशी मनाची समजूत घातली. पुढे सांगू म्हणाला. आपली माणसं काय, उद्याही असतातच.

पुढे दोन वर्षं गेली. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली, ताईने दुसऱ्यांदा काटलं. त्याला मधूनमधून आठवायचं, अंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, आणि मग दुसरं काहीतरी आठवायचं.

ताईच्या लेकीला मुलगी झाली. लेक घाटापलीकडच्या गावात राहायची. ताई-भाऊजी सकाळी नऊला नातीला बघायला निघाले. अकराच्या सुमारास, उतार अर्धा संपला असताना, वळणावर गाडी कठड्याला धडकून उलटली. भाऊजी जागीच गेले. ताईच्या मांडीचं हाड मोडलं.

पोलिसांना गिअर न्यूट्रलमध्ये सापडला आणि त्यांचं काम सोपं झालं. म्हाताऱ्याने पेट्रोल वाचवायला गाडी मोकळी सोडली, आवरली नाही. सगळ्यांना ते पटलं, कारण भाऊजींची खोड सगळ्यांना माहीत होती. धाकट्याला पटलं नाही. तो क्रेनवाल्याच्या आवारात गेला, दबलेलं बॉनेट पहारीने उचकटलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. तेल गढूळ, काळपट तपकिरी झालं होतं. त्यात त्याने बोट बुडवलं आणि तसाच उभा राहिला. न्यूट्रलने ब्रेक तापला असणार, हे खरं. पण तीस वर्षं तापतच होता. तेल ताजं होतं तोवर त्याने भाऊजींना सांभाळून घेतलं होतं.

गाडीच्या कप्प्यात शेवटच्या सर्व्हिसिंगचा कागद होता. सरळ रेघ. चौथ्या ओळीवर काट. ताईची सही. त्याने तो घडी करून पाकिटात ठेवला आणि कोणाला काही बोलला नाही.

दीड महिना झाला. ताई पलंगावर, पाय प्लॅस्टरमध्ये. कामाची बाई दुपारपर्यंत असायची, नंतर धाकटा यायचा. ताई रडायची कमी, भांडायची जास्त, आणि तेही गेलेल्या माणसाशी. "किती वेळा सांगितलं, गिअरमध्ये उतरवा. ऐकलं का कधी? चार पैशांच्या पेट्रोलपायी मला उघडं पाडून गेले." भाऊजींची खुर्ची समोरच होती. तिने ती भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली होती. धाकट्यानेच फिरवून ठेवली होती. पाकीट खिशात आणि खुर्ची हातात, असा तो वागला होता. त्याला त्या वेळी स्वतःची किळस आली, आणि तरी तो गप्प राहिला. सांगून काय होणार, भाऊजी परत येणार आहेत? तिच्या सहीचं ओझं तिच्यावर कशाला? असं तो स्वतःला समजवायचा. स्वतःच्या ओझ्याचा विषय मात्र त्यात निघायचा नाही.

त्या दिवशी चार वाजता खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून इमारतीत त्यांना चष्मेवाले म्हणत. ताईची विचारपूस झाली, खुर्चीकडे न बघायचं झालं, आणि मग त्यांनी संकोचत खिशातून कागद काढला.

"विचारायची ही वेळ नाही, पण मुलगी शुक्रवारी दोन्ही पोरांना घेऊन घाटाखाली निघालीय. गाडी आज टाकायचीय. ताईंनी शिकवल्याप्रमाणे रेघ मारून आणलीय, तुम्ही फक्त नजर टाका."

"त्याला काय विचारता? खालचं सगळं काटा," ताई पलंगावरून म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिच्या आवाजात जुना तोरा आला होता.

धाकट्याने कागद घेतला. चौथी ओळ. चष्मेवाल्यांनी काट मारलेलीच होती. त्यांना बाहेर जिन्यात नेऊन सांगता आलं असतं. ते त्याच्या मनात आलं, आणि तो अर्धा उठलाही. पण चष्मेवाले वर येऊन ताईलाच सांगणार, की तुमच्या भावाने असं सांगितलं. आणि मग तो पुन्हा काहीतरी गोड बोलणार. त्याच्यापाशी आता तेवढं गोड बोलणं उरलं नव्हतं.

तो परत बसला. "ब्रेक ऑइल काटू नका," तो म्हणाला. "बाकीचं काटा. पण ते बदलल्याशिवाय मुलीला घाटात पाठवू नका."

"पण ते रेघेखाली आहे."

"अडीच वर्षांपूर्वी खाली टाकलंय. आधी वर होतं."

चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. कागद घेऊन ते निघून गेले.

ताईने मान त्याच्याकडे वळवली. "आमच्या गाडीचं?" तिने विचारलं.

त्याने पाकिटातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिने उशीखालचा चष्मा लावला. तिचं बोट रेघेवरून खाली आलं, एक, दोन, तीन, आणि चौथ्या ओळीवर थांबलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी जेवायला आलास, तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि मी ह्यांना शिव्या देत बसले."

पाया पडावं असं त्याला फार वाटलं, पण तिचा एक पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि दुसऱ्याला हात लावायची त्याची हिंमत होईना.

"ती खुर्ची सरळ कर," ती म्हणाली. त्याने केली. "आता उरलेल्या नऊ घरांत जा. मला चालता येत नाही, नाहीतर मीच गेले असते. रेघ चुकलीय म्हणून सांग. कोणामुळे काय झालं, तेही सांग. माझंही नाव सांग, तुझंही."

तो गेला. एकेक दार वाजवलं, एकेका उंबऱ्यावर उभं राहून तेच सांगितलं. कोणी आत या म्हणालं, कोणी म्हणालं नाही. एका बाईने त्याच्या समोरच नवऱ्याला हाक मारून गाडीचा कागद शोधायला लावला. सगळं व्हायला तास लागला.

तो परत वर आला तेव्हा ताईच्या दाराला आतून कडी होती. दीड महिन्यात ती एकटी पलंगावरून उतरली नव्हती. कडीपर्यंत ती कशी पोचली असेल, कशाला धरून, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने दारावर हात ठेवला.

"ताई."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती भाऊजींच्या खुर्चीत बसली असावी.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"मग घरी जा," ती म्हणाली. तिने धाकट्या म्हणून हाक मारली नाही. तो जिना उतरायला लागला.