पठारीवाल्या बाई

"ते तुमचं म्हणणं झालं," असं म्हणून बाई कुत्र्याकडे पाठ करून बसायच्या.

पाठ करून म्हणजे अगदी अक्षरशः. समोर मालक उभा, मालकाच्या हातात पट्टा, पट्ट्याला कुत्रा, आणि पासष्टीच्या, नाकावर चष्मा घसरलेल्या या बाई स्टुलावर उलट्या बसलेल्या. पाच मिनिटं जायची. मालक चुळबुळ करायचा. कुत्रा मागून येऊन त्यांचा पदर हुंगायचा, किंवा यायचा नाही. त्यावरून काय समजायचं ते बाई समजायच्या आणि एकदम वळून छत्री उघडायच्या. कुत्रा दचकला तरी मालकाच्या पुढे येऊन उभा राहिला, तर ठीक. मालकाच्या मागे लपला किंवा बाईंच्या अंगावर धावून आला, तर नापास. एकदा कुत्रा जागचा हलला नाही आणि मालकच चार पावलं मागे सरला. बाईंनी वहीत लिहिलं, 'कुत्रा पास.'

तो मागे सरलेला मालक मी नव्हे. माझी फजिती वेगळी आहे आणि जरा मोठी आहे.

बाई कसबा पेठेत राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मेंढपाळांच्या तळावर लांब पायांची, राखी रंगाची, खाली सरळ लोंबणाऱ्या शेपटीची कुत्री तुम्हीही पाहिली असतील. अनोळखी माणूस आला तर ती चावत नाहीत, माणूस आणि मेंढ्या यांच्या मधे येऊन उभी राहतात. कळप कमी झाले तशी ही कुत्रीही गावोगावच्या कुत्र्यांत मिसळून संपत चालली होती. बाईंनी शाळेच्या सुट्ट्यांत माळरानं पालथी घालून त्यातली चांगली कुत्री निवडली, चार-पाच हौशी लोक गोळा केले, जोड्या जमवल्या, आणि कोण कुणाचं पिल्लू हे एका जाड वहीत लिहायला सुरुवात केली. जातीला नाव दिलं पठारी.

"जात अजून झालेली नाही, होते आहे," त्या सांगायच्या. "आत्ता ही वही म्हणजेच जात. वहीत खोटं शिरलं, तर बाहेर नुसती कुत्री उरतील."

मी दस्तनोंदणी कार्यालयातून निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, "काहीतरी छंद लावून घ्या, पण घराबाहेरचा." मी कुत्रा घरी आणला, म्हणजे सल्ल्याचा अर्धा भाग पाळला. त्याचं नाव सरदार. विकणाऱ्यानं तो अस्सल पठारी म्हणून दिला होता, सोबत सोनेरी शिक्क्याचा कागद. बिबवेवाडीत सकाळी सरदारला फिरवताना मी दिसेल त्याला थांबवून पठारी या विषयावर व्याख्यान देत असे. लोक नंतर रस्ता बदलून जाऊ लागले. मला वाटलं, कुत्र्याच्या धाकानं.

मग रीतसर नोंद करावी म्हणून अर्ज लिहिला आणि सरदारला रिक्षात घालून बाईंकडे नेलं. छत्री उघडायची वेळच आली नाही. सरदार माझ्या आधी जिना चढला, थेट स्वयंपाकघरात गेला आणि पोळी घेऊन बाहेर आला.

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. मी फुललो. "पठारी नाही."

"अहो, कागद आहे ना."

"कागद बघून कुत्रा घेतलात, की कुत्रा बघून कागद?"

"विकणारा म्हणाला की..."

"ते त्याचं म्हणणं झालं. कान बघा, पंजे बघा. ह्याच्या घराण्यात एक लॅब्रेडॉर नक्की आहे. आणि तो जेवायची वेळ कधी चुकला नसणार."

मी अर्ज परत मागितला. बाई तो चष्म्याजवळ धरून बघत होत्या. "अक्षर कुणाचं?"

"माझं. नोंदणी कार्यालयात होतो."

"कुत्र्याला घरी ठेवा. तुम्ही गुरुवारी या."

अशा रीतीनं आमच्या घरातून पठारीच्या नोंदवहीत एकालाच प्रवेश मिळाला, तो मला. बाई मला 'या, निबंधक' म्हणू लागल्या. मी निबंधक कधीच नव्हतो, कारकून होतो. पण हे त्यांना सांगायची मला कधी निकड वाटली नाही.

एकदा एक आयटीतला तरुण निळ्या डोळ्यांचं पिल्लू घेऊन आला. "मॅम, हा ब्लू पठारी आहे. खूप रेअर असतो. इन्स्टावर सगळे हाच मागतात."

बाईंनी पिल्लाला मांडीवर घेतलं, त्याच्या गळ्याखाली खाजवलं. "बाळा, ह्याचे आजोबा बर्फात गाडी ओढत होते. पुण्याच्या उन्हात ह्याला जप. दुपारी ओलं फडकं घाल अंगावर."

"पण रजिस्टर करा ना, मॅम. एका एन्ट्रीनं काय होतंय?"

"एका एन्ट्रीनं काय होतंय, हे पुढच्या पाच पिढ्या सांगतात. तेव्हा तू अमेरिकेत असशील."

मी शेजारी बसून मान डोलावत होतो. त्या मान डोलावण्याची आज मला लाज वाटते, कारण माझी एन्ट्री तेव्हा वहीत पडून वर्ष झालं होतं.

झालं होतं ते असं. रेवा ही बाईंची स्वतःची कुत्री, वहीच्या पहिल्या पानावरची. तिच्यासाठी आबांचा ढाण्या ठरला होता. आबा म्हणजे शहरानं ओढून घेतलेल्या एका गावातले शेतकरी. तीन बाजूंना इमारती उठल्या तरी चौथ्या बाजूला मेंढ्या राखून होते. रेवा माजावर आली तेव्हा तिला एक रात्र आबांकडे, ढाण्यापाशी ठेवून आणलं, आणि दोनच दिवसांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी बाईंना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. रेवाचा माज अजून संपला नव्हता. सरदारला मेव्हण्याकडे धाडून मी रेवाला घरी आणलं.

"गेटला कडी लावा," बाईंनी खाटेवरून बजावलं. "नुसतं ओढून घेऊ नका. कडी."

तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला. मी पाकीट घेतलं, सही केली. पाकीट शेजारच्यांचं निघालं. ते द्यायला गेलो आणि शेजाऱ्यांनी सौजन्यानं विचारलं, "ही नवी कुत्री कोण?" पुढची वीस मिनिटं मी त्यांना वंशावळ काटेकोर जपण्याचं महत्त्व समजावून सांगत होतो.

परत आलो तर गेट उघडं. रेवा गल्लीच्या टोकाला, पंक्चरच्या दुकानासमोर. सोबत दुकानाचा तांबूस, गोल शेपटीचा कुत्रा. जे व्हायला नको ते झालेलं होतं.

"काका, आता ओढू नका," पंक्चरवाला म्हणाला. "पंधरा मिनिटं थांबावंच लागतंय." त्यानं मला बसायला टायर दिला. मी बसलो.

बाई घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?"

"एकदम," मी म्हणालो.

मनाशी मी पक्का हिशोब मांडला होता. ढाण्या आधी झाला, म्हणजे पिल्लं ढाण्याचीच. एकाच वेताला दोन बाप असू शकतात, हे बाईंनीच मला शिकवलं होतं, पण तो धडा मी त्या दिवसापुरता विसरलो. दोन महिन्यांनी रेवाला पाच पिल्लं झाली. मी वहीत लिहिलं, 'माता रेवा, पिता ढाण्या.' त्या दिवशी माझं अक्षर विशेष सुंदर आलं.

एक तांबूस पिल्लू बाईंनी स्वतःकडे ठेवलं, त्याचं नाव तांबू. बाकीची चार जणांकडे गेली. तिसऱ्या वर्षी त्यांना पिल्लं झाली आणि त्या पिल्लांच्या शेपट्या जिलबीसारख्या वर वळू लागल्या. एका घरी, मग दुसऱ्या घरी. लोक कुजबुजू लागले की आबांनी ढाण्या दाखवला आणि दुसराच कुत्रा लावला. ढाण्याचं नाव वहीतून काढावं म्हणून बैठक बसली. इतिवृत्त लिहायला अर्थातच मी.

आबा शेवटच्या खुर्चीत बसले होते. "म्या सोत्ता हुबा व्हतो तितं," ते म्हणाले. "माजाच कुत्रा हाय त्यो."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ते तुमचं म्हणणं झालं, आबा."

आबांनी टोपी नीट केली आणि उठून गेले. मी लिहिलं, 'आबांच्या खुलाशाने सभेचे समाधान झाले नाही.' हे वाक्य मी एकदाही न अडखळता लिहिलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवत का नाही?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझं ताट उचललं. "आधी बाईंकडे जाऊन या. मग वाढते."

सकाळी स्वारगेटला बसमधून उतरलो आणि पुढे चालत निघालो, म्हणजे पोचायला वेळ लागेल. वाटेत दोन ठिकाणी चहा घेतला, एका दुकानात नको असलेली छत्री पाहिली. शेवटी कसबा पेठ आलीच.

बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "कडी?"

"लावली नव्हती."

"तो कुत्रा तांबूस होता?"

"हो."

"शेपटी?"

"गोल."

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून तांबूनं शेपटी हलवली. गोलच होती. तीन वर्षं ती आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर हलत होती.

"मला दिसत होती हो," बाई म्हणाल्या. "माझा होता म्हणून मी बघितली नाही." मग त्या उठल्या, चपला घातल्या. "चला. वही नंतर. आधी आबा."

आबा मेंढ्यांना पाला टाकत होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "आबा, चुकलं माझं. काल मी तुम्हाला चारचौघांत खोटं ठरवलं." मग मी बोललो. आबांनी ऐकलं आणि पाला खाली ठेवला.

"सायेब, कडी ऱ्हाती एकांद्याची," ते म्हणाले. "पर काल तुमी माज्या म्होरं बसून लिवत व्हता की."

मी वाकून तो पाला उचलला आणि मेंढ्यांना टाकू लागलो.

रेवाच्या त्या पाचही पिल्लांचे नमुने तपासायला पाठवले. दोन ढाण्याची निघाली, तीन पंक्चरच्या दुकानाची. त्या तिघांची आणि त्यांच्या सगळ्या पिल्लांची नोंद रद्द झाली. त्यात तांबू होता. बाईंच्या वहीतली तीन वर्षं जवळजवळ पुसली गेली. प्रत्येक मालकाला पत्र गेलं, आणि ते हातोहात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एका बाईंनी दार लावून घेतलं. एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्हीच का ते, कडी न लावणारे?" एक आजोबा पत्र वाचून हळूच म्हणाले, "आमच्या टिपूच्या कानावर मात्र घालू नका."

वहीतली जुनी ओळ मी ब्लेडनं खरवडायला घेतली, तर बाईंनी हात धरला. "खोडायचं नाही. खाली खरं लिहा." मी लिहिलं, 'वरील नोंद चुकीची आहे. माझ्या हातून गेट उघडे राहिले व मी ते लपवले.'

"नाव आणि हुद्दा," बाई म्हणाल्या.

मी नाव लिहिलं. हुद्द्याशी थोडा थांबलो, मग लिहिलं, 'कारकून (निवृत्त).'

बाईंनी वाचलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मी राजीनामा आणला होता, तो पुढे केला. त्यांनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहायला घेतली. "आता खोटं लिहिताना तुमचा हात कापेल. असा माणूस मी पुन्हा कुठून आणू? गुरुवारी या, निबंधक."

आबा दोन महिने बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांच्या ढाण्याच्या नातीची नोंद करायला स्वतः आले आणि वही माझ्याकडे सरकवली. "लिवा. आन वाचून दावा." मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून प्रत्येक नोंद मी मोठ्यानं वाचतो.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. तांबू शेवटपर्यंत त्यांच्या पायाशी होता. वही समितीकडे आहे, लोक तपासणीला कुत्री घेऊन येतात, मी लिहितो. स्टुलावर पाठ करून बसायला कुणी धजावत नाही.

त्या जाण्याच्या दोन महिने आधीची एक सकाळ आहे. आबांच्या गोठ्यात ढाण्याच्या नातीला पिल्लं झाली होती, महिन्याची, वेताच्या पाटीत ठेवलेली. बाईंना तोपर्यंत नीट दिसेनासं झालं होतं. आम्ही त्यांना हात धरून नेलं, पाटीशेजारी पोत्यावर बसवलं. त्यांनी एकेक पिल्लू उचललं, पाय चाचपले, कान चाचपले, शेपटी बोटांतून सरळ ओढून पाहिली, खाली ठेवलं. सहाही पिल्लं बघून झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि मधेच थांबल्या.

"निबंधक, हे मघाशी घेतलं होतं का हो? मला फरकच कळत नाहीये. डोळे पार गेले बघा."

मी वाकून पाटीत पाहिलं. आबांनीही पाहिलं. सहाही राखी, सहाही लांब पायांची, शेपट्या सगळ्यांच्या खाली. चष्मा पुसून मी पुन्हा पाहिलं.

"बाई," मी म्हणालो, "मलाही कळत नाहीये."

"मला बी न्हाई," आबा म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात पाटीत घातले, आणि सहाही पिल्लं अंगाखांद्यावर चढू लागली तशा त्या हसत बसून राहिल्या.