कोमट तांदूळ

आमच्या गोंदियाचा तांदूळ बांगलादेशात जातो, हे सांगताना सगळ्यांची छाती फुगते. पण स्टेशनच्या मालधक्क्यावर त्याच तांदळाच्या डोक्यावर साधा पत्रा नव्हता, हे कोणी सांगत नाही. मला अजून त्याचा राग येतो.

आमची भाताची गिरणी लहान. मालगाडी भरून परदेशी पाठवायची ती मोठ्या गिरणीवाल्यांनी. पण ह्यांच्या डोक्यात आलं, आपण लहान लहान मिळून काही डबे भरू. हे घरोघरी फिरले. सगळे आमचे पोवार भाऊबंदच. त्यांनी आपापला माल ह्यांच्या शब्दावर सोडला.

उकडा तांदूळ गिरणीतून निघतो तेव्हा कोमट असतो. एरवी आम्ही तो फरशीवर पसरायचो, निवू द्यायचो आणि मगच पोत्यात भरायचो. पण गाडी येतेय असा निरोप आला आणि घाईत सगळ्यांनी कोमटच पोती शिवली. धक्क्यावर थप्प्या लागल्या. गाडी काही येईना. आज येते, उद्या येते, असं चाललं, आणि त्यातच आभाळ भरून आलं.

ह्यांनी प्रत्येक थप्पी ताडपत्रीनं झाकली, दोऱ्यांनी आवळली, कडेनं विटा लावल्या. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर त्याला हात लावेनात.

"पाणी आलं तं सगळ्यायचं जाईन. जेवण कायले सुचते मले?"

पाणी आलंच नाही. नुसता उकाडा होता. अखेर गाडी लागली, ताडपत्र्या सुटल्या, आणि वास आला. आंबूस, ओला वास. खरेदीदाराच्या माणसानं नमुना काढायची पोकळ सळई पोत्यात खुपसली. पिवळ्या गुठळ्या बाहेर आल्या.

"ये नहीं जाएगा."

ह्यांनी हात जोडले. त्याला दंडाला धरून दुसऱ्या थप्पीकडे नेलं, तिसरीकडे नेलं. "अंदर का देखो ना साहेब, अंदर का अच्छा है." आतला जास्तच गेलेला होता. आमच्या डब्यांत दुसऱ्यांचा माल चढला. मी डबा हातात घेऊन तशीच उभी होते.

भाऊबंद भांडले असते तर जीव हलका झाला असता. पूर्वी सोयरिकीच्या बैठकीला ह्यांना आधी बोलावणं यायचं, ते बंद झालं. ह्यांनीही मग चार माणसांत तोंड उघडणं सोडलं.

बऱ्याच वर्षांनी गावात सभा झाली. निर्यातीसाठी मोठं केंद्र होणार, वखारी होणार, गाडी आतपर्यंत येणार. पडद्यावर चित्रं दाखवली. आणि हे उभे राहिले. सगळे भाऊबंद वळून बघायला लागले.

"यात हवा कुठून येईन?"

तरुण अधिकारी समजुतीनं म्हणाला, "काका, वरून पूर्ण छप्पर आहे. पाण्याचा थेंब आत येणार नाही."

हे खाली बसले. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पाण्यानं कुठं गेला होता आपला तांदूळ?"