निवारणदा टेलर आणि आमची बाजारओळ

बाजारात दुकान लावलं की माल विकला जातो. किस्से मात्र पडून राहतात आणि वाढतच जातात! माझं झेरॉक्सचं दुकान आष्टीच्या बाजारात, आणि शेजारी निवारणदांचं शिलाईचं. बांगलादेशच्या लढाईनंतर तरुणपणी ते इकडे आले, जंगलातल्या बंगाली कॅम्पात राहिले आणि इथलेच झाले.

पहिला किस्सा गावातल्या जानकीबाईंच्या तोंडचा. नवे नवे आलेले दादा उन्हातून त्यांच्या दारात आले. "बाई, पानी खाऊ द्या!" बंगालीत पाणी 'खातात', हे बाईंना काय माहीत? त्यांना वाटलं, पोरगा भुकेनं बरळून राह्यला. त्यांनी भाताचं ताट वाढलं. दादांनी मुकाट्यानं सगळं संपवलं, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, आता पानी खाऊ द्या!"

दादांचं मराठी पक्कं झालं, पण 'माझा बायको आला' काही सुटलं नाही. एकदा चहावाल्या मारोतीनं छेडलं, "दादा, तुमच्या भाषेत बाई-माणसाचा फरकच नाई का?"

"घरात लय आहे," दादा म्हणाले. "भाषेत काऊन पाहिजे?"

आश्रमशाळेचे गणवेश शिवताना दादा भरपूर कापड आत दुमडून ठेवायचे. पोरी वाढायच्या, आया शिलाई उसवायच्या, स्कर्ट पुरायचा. त्यातली सुनीता आत्राम पुढं नर्स झाली. पहिला युनिफॉर्म दादांकडंच शिवायला आणला.

"दादा, आता माप बरोब्बर घ्या. मी वाढून नाई राह्यली!"

दादा गळ्यातला टेप काढत म्हणाले, "माप तर घेतो. पण ताठ उभी राह्य. नर्स झाली ना तू!"

एका वर्षी कॅम्पातल्या दुर्गापूजेला बंगालचे ढोलवाले आलेच नाहीत. शेजारच्या गावची मडावी ही गोंड मंडळी ढोल घेऊन धावून आली. त्यांना वाजवता यायचं लग्नाचंच! म्हाताऱ्या बंगाली बायासुद्धा नाचल्या. कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा दादा म्हणाले, "देवी माहेराले आली आहे. माहेरी लग्नाचा बाजा चालते!"

आणि हा परवाचा. लढाईच्या धावपळीत दादांची धाकटी बहीण हरवली होती. दादांच्या सुनेनं तिला फेसबुकवर शोधून काढलं. दुकानातच व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे दादांच्या मागे उभे.

पडद्यावर एक म्हातारी आली. बराच वेळ निरखत राहिली, मान हलवली. हा टकला, सुरकुतलेला माणूस तिला ओळखू येईना. मग तिला रडूच फुटलं.

दादा घाबरले. घरी रोज बोलायची ती बंगाली तोंडातून निघेचना. निघालं ते भलतंच! "अवं बाई, काऊन रडून राह्यली? रडू नोको ना!"

"दादा, बंगालीत!" आम्ही ओरडलो. "बंगालीत बोला!"

म्हातारी एकदम थांबली. डोळे पुसत घाईघाईनं काहीतरी बोलली. आम्ही सुनेकडं पाहिलं.

सून म्हणाली, "त्या म्हणतात, 'कळत काहीच नाही. पण आवाज माझ्या दादाचाच आहे. त्याला असंच बोलू द्या.'"